‘पोस्ट’ची खातेनिहाय चौकशी

आपल्या कचेऱ्यांतून एक मत फार दिवसांपासून ठाण मांडून बसले आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थ नेमका असतो आणि देशी शब्दाचा अर्थ सैल असतो. म्हणून टिपण लिहावे ते इंग्रजीतच, आणि हिंदी किंवा मराठी मजकूर त्या टिपणाची सावली म्हणून मागाहून जोडावा, असे ते मत आहे. हे मत केवळ साहेबलोकांचे आहे असे म्हणावे, तर तेही खरे नव्हे. माझ्या शेजारच्या टेबलावरील लिपिकाचेही तेच मत आहे, आणि रजेवर पुण्यास गेलो असता आमच्या नात्यातील एका प्राध्यापकांनीही तेच मोठ्या समाधानाने बोलून दाखविले. काशीक्षेत्री केंद्र सरकारच्या चाकरीत दिवस काढणाऱ्या माझ्यासारख्या साध्या लिपिकाने एवढ्या प्रतिष्ठित मताच्या वाटेस जाऊ नये हे खरे. परंतु ज्याला रोज दोन्ही भाषांचे कागद हाताळावे लागतात, त्याने न बोलावे तर बोलावे कोणी? या मताविरुद्ध मी एकच साक्षीदार उभा करणार आहे, आणि तो साक्षीदार खुद्द इंग्रजीच्या घरातला आहे.

शब्द मुद्दामच आपल्या जिव्हाळ्याचा निवडला आहे. तो शब्द म्हणजे ‘पोस्ट’. परप्रांती राहणाऱ्या आपणां नोकरमाणसांचे निम्मे आयुष्य या एका शब्दाभोवती फिरते. पोस्ट मंजूर होते, पोस्ट रिकामी पडते, पोस्टिंग बनारसला होते, तिचा हुकूम पोस्टाने येतो, सामानाचा ट्रक चेकपोस्टावर अडतो, हिशेबनिसाची पोस्टिंग अपुरी राहते, मुलगी पोस्ट-ग्रॅज्युएट होते. आणि हल्ली तर जो तो मोबाइलवर दिवसाकाठी चार पोस्टी टाकतो. इतक्या ठिकाणी हा एकच शब्द इतके वेगवेगळे अर्थ वागवीत हिंडत असता, त्याला ‘नेमका’ कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

आता त्याचे कुळ पाहू. एक कुळ असते तर मी तक्रार केली नसती. पण येथे चार घराण्यांतील चार माणसे एकच नाव लावून फिरत आहेत. पहिले घराणे लाकडाचे. लॅटिनमध्ये ‘पोस्टिस’ म्हणजे दाराच्या चौकटीचा उभा खांब. हा शब्द प्राचीन इंग्रजीतच शिरला आणि खांब या अर्थाने तेथे राहिला. खांबावर जाहिरात चिकटवावयाची, यावरून जाहिरात लावणे यासही तेच क्रियापद झाले. मोबाइलवरची ‘पोस्ट’ ही, थोडी वळणे घेऊन का होईना, या खांबाच्याच वंशातली. दुसरे घराणे घोडेस्वारांचे. लॅटिन ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. त्याचे स्त्रीलिंगी भूतकृदंत ‘पोसिता’, म्हणजे ठेवलेली. इटालियनमध्ये तिची ‘पोस्ता’ झाली, फ्रेंचमध्ये ‘पोस्त’ झाली, आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास ती इंग्रजीत उतरली. रस्त्यावर ठरावीक अंतरावर घोडे आणि स्वार बसवून ठेवीत. एकाने दुसऱ्याच्या हाती थैली द्यावी, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. त्या बसविलेल्या मुक्कामांचे नाव स्वारांस लागले, स्वारांचे थैलीस, थैलीचे पत्रांस आणि शेवटी साऱ्या खात्यास. गंमत अशी की, जो शब्द मुळात एके जागी ठेवलेल्या वस्तूचा, तोच पुढे घाईचा वाचक झाला. पत्रावर ‘त्वरा करा’ म्हणून लिहिण्याच्या रिवाजावरून इंग्रजीत अतिघाई या अर्थाचा जोडशब्दच निघाला. स्थिराचा चंचल होण्यास दोन शतकेही लागली नाहीत!

तिसरे घराणे दुसऱ्याचे सख्खे भाऊबंद. त्याच ‘पोनेरे’चे दुसरे रूप ‘पोसितुम’. त्यावरून इटालियन ‘पोस्तो’, फ्रेंच पुल्लिंगी ‘पोस्त’. हा शब्द प्रथम शिपायाच्या पहाऱ्याच्या जागेचा, मग लष्करी ठाण्याचा, मग व्यापारी वखारीचा आणि सरतेशेवटी तुमच्याआमच्या नोकरीचा झाला. तेव्हा आपण ज्याला ‘पोस्टिंग’ म्हणून मिरवितो, ते मुळात शिपायास पहाऱ्यावर उभे करणे होय; बदलीचे हुकूम ज्यांच्या हातून टाइप होतात त्यांस हे मूळ सांगितले तर ते आनंदाने मान्य करतील. चौथे घराणे अगदीच वेगळे. लॅटिन ‘पोस्ट’ हे अव्यय, अर्थ ‘नंतर’. पोस्टमॉर्टेम त्यातले, पोस्टपोन त्यातले. इंग्रजी पत्राच्या तळाशी दोन अक्षरांत जे मागाहून जोडतात ते पोस्टस्क्रिप्टही त्यातलेच, ज्याला आपल्याकडे ‘ताजा कलम’ असे गोड नाव आहे. मरणोत्तर या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा इतिहास तर आणखी मौजेचा आहे. लॅटिन ‘पोस्तुमुस’ म्हणजे सर्वांत शेवटचा. त्यात ‘ह’ नव्हताच. पण लोकांना वाटले की, याचा संबंध ‘ह्युमुस’शी, म्हणजे मातीशी असावा, आणि त्या समजुतीने ‘ह’ घुसला तो आजतागायत लिहिला जातो. नेमकेपणाच्या मुकुटमण्याच्या वर्णलेखनात गैरसमजाचे एक अक्षर असे कायम झालेले आहे.

एवढ्यावर कोणी विचारील, मग इंग्रजी टाकाऊ ठरली काय? मुळीच नाही. एका शब्दास अनेक अर्थ असणे हा दोष नव्हे. तो जित्या भाषेचा स्वभाव आहे. आपल्या ‘पद’ शब्दाकडे पाहा. पाऊल हे पद, श्लोकाचा चरण हे पद, व्याकरणातला विभक्ती लागलेला शब्द हे पद, संगीत नाटकात टाळी घेते ते पद, आणि ज्यासाठी आपण गाव सोडले तेही पद. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग म्हणून एक स्वतंत्र वर्गच आहे. भर्तृहरीने वाक्यपदीयात तर अनेकार्थी शब्दाचा प्रस्तुत अर्थ कशावरून ठरवावा याची यादी दिली आहे: संयोग, वियोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, शेजारच्या शब्दाचे सान्निध्य वगैरे. रामाबरोबर लक्ष्मण आला की तो राम दाशरथी, हे या शहरातील पाठशाळेचा पोर सांगेल. इंग्रजी ‘पोस्ट’चा अर्थ इंग्रजास कळतो तो याच रीतीने, संदर्भाने आणि सवयीने. त्या शब्दाच्या अंगी काही जन्मजात काटेकोरपणा आहे म्हणून नव्हे. मग जी सवय इंग्रजीस लागू शकते, ती मराठीस किंवा हिंदीस का लागू नये? लागत नाही याचे कारण, आपण ती लावूच देत नाही. शब्द वापरावयाचा नाही आणि मग तो रुळलेला नाही म्हणून वापरावयाचा नाही, असे हे चक्र आहे.

आणि हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. तो एखाद्याच्या भाकरीपर्यंत कसा पोचतो ते सांगतो. एका कचेरीतून सेवानिवृत्तांसाठी एक द्विभाषी परिपत्रक निघाले. राजभाषा अधिनियम १९६३ चा आहे, नियम १९७६ चे आहेत, आणि उत्तर प्रदेश हे ‘क’ क्षेत्रात. तेव्हा हिंदी मजकूर जोडणे भागच होते. मूळ इंग्रजीत निवृत्तीनंतरच्या वैद्यकीय सवलतींचा विषय होता. तेथे ‘पोस्ट’ आणि पुढील शब्द यांमधली बारीक आडवी रेघ गळली होती. हिंदी मसुदा यंत्राकडून करून घेतला होता, आणि यंत्राने प्रामाणिकपणे लिहिले: ‘पद सेवानिवृत्ति चिकित्सा लाभ’. सही झाली, शिक्का बसला. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध मराठी गृहस्थांच्या हाती तो कागद पडला. त्यांची जागा त्यांच्या नोकरीच्या अखेरच्या काळात रद्द होऊन त्यांना दुसरीकडे सामावून घेतले होते. त्यांनी वाचले ‘पद’, आणि त्यांना वाटले की, ज्यांचे पद शाबूत राहिले त्यांच्याकरिता ही योजना असेल. आपले पद तर उरलेच नाही. त्यांनी अर्ज केला नाही. मुदत टळली. मुदत टळल्याची माफी मिळावी म्हणून त्यांचा कागद आज दीड वर्ष या टेबलावरून त्या टेबलावर फिरत आहे, आणि औषधांचा खर्च ते घरच्या पैशाने करीत आहेत. त्या परिपत्रकाच्या हिंदी भागात ‘निवृत्तीनंतर मिळणारी वैद्यकीय मदत’ एवढे सरळ शब्द असते तर? पण तसे शब्द लिहिण्यासाठी मजकुराचा अर्थ आधी मनात यावा लागतो. येथे अर्थ कोणाच्याच मनात आला नव्हता. शब्दाच्या जागी शब्द ठेवला गेला होता. नेमक्या म्हणविणाऱ्या शब्दाचा नेमकेपणा एका आडव्या रेघेवर लटकत होता, हे मात्र कोणी बोलत नाही.

आता दोष केवळ कचेऱ्यांना देऊन भागणार नाही. आपल्या मराठी घरांत या एका ‘पोस्ट’ने काय काय गिळले याचा हिशेब मांडू. नोकरीच्या अर्थाने आपल्याजवळ जागा होती, पद होते, हुद्दा होता, असामी होती; आणि हे चारही शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. जागा रिकामी असते, हुद्दा मोठा असतो, पदावर बसतात. ‘हुद्दा रिकामा आहे’ असे कोणी म्हणत नसे. पोस्टिंगसाठी नेमणूक होती आणि बदली होती, आणि या दोहोंतला फरकही होता. पहाऱ्यासाठी चौकी होती, लष्करासाठी ठाणे होते, जकातीसाठी नाके होते. नुसता लाकडी खांब घ्या: घराचा तो खांब, कुंपणाचा तो डांब, जनावर बांधावयाचा तो खुंटा, आणि खळ्याच्या मधोमध ज्याभोवती मळणीचे बैल फिरतात तो तिवडा. हिशेबात रोजकीर्दीतील रकमा खात्यावर उचलून नेण्याला तर खतावणी असा एकटाक शब्द आहे, ज्याला इंग्रजीत स्वतंत्र नावच मिळाले नाही म्हणून बिचारे ‘पोस्ट’ तेथेही राबवून घेतात. या जागी मराठी इंग्रजीहून अधिक नेमकी आहे, हे माझे म्हणणे नव्हे. दोन्ही भाषांच्या खातेवह्या उघडून कोणीही पाहावे. आणि एवढी मालमत्ता घरात असता आपण सगळीकडे ‘पोस्ट’ म्हणतो, आणि वर म्हणतो की मराठीत शब्द नाहीत!

यातील टपाल या शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह आवरत नाही. १८८६ साली यूल व बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश निघाला. त्यात उत्तरेकडे ‘डाक’ आणि दक्षिणेकडे ‘टपाल’ अशी वाटणी नोंदविलेली आहे, आणि टपालाचे मूळ अंधारात असल्याचे कबूल केले आहे. तेलुगूचा मोठा कोशकार ब्राउन याने फ्रेंच ‘एताप’ म्हणजे मुक्काम या शब्दाशी त्याचा संबंध सुचविला होता. मराठी माणसास साहजिकच आपल्या ‘टप्पा’ शब्दाची ओढ वाटते. मजल दरमजल टप्प्याटप्प्याने जाते ते टपाल. पण ओढ म्हणजे पुरावा नव्हे, तेव्हा तो दावा मी करीत नाही. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. गुजरातीत टपाल आहे, कानडीत आहे, तेलुगूत आहे, तमिळात व मलयाळमात आहे. सुरतेपासून तिरुवनंतपुरमपर्यंत उच्चाराच्या थोड्या फरकाने समजणारा हा शब्द आपण ‘गावठी’ म्हणून टाकून दिला. जुन्या पुस्तकांच्या जाहिरातींत किमतीपुढे ‘टपालहशील निराळे’ असे असे. आज माझ्या परिचयातील पदवीधर मराठी तरुणांस टपालहशील म्हणजे काय हे सांगावे लागते. ‘पोस्टेज’ सांगावे लागत नाही. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले तेव्हा ज्या पिढीने ‘टपालात टाक’ असे म्हणत ते कार्ड घराघरांत नेले, तिला इंग्रजी येत नव्हते म्हणून काही अडले नाही.

जाता जाता ‘पोस्त’ही आठवतो. दिवाळीची पोस्त मागावयास टपालवाला दारी येई, तेव्हा लहानपणी मला वाटे, पोस्टमन मागतो म्हणून ती पोस्त. तसे काही नाही. फारसीत पोस्त म्हणजे साल, कातडे; त्यावरून अफूचे बोंड. इकडे उत्तरेत खसखशीला पोस्ता म्हणतात आणि अफूच्या तारेत पडून राहणाऱ्या आळशास पोस्ती. काशीहून जवळच गाजीपुरास सरकारचा अफूचा कारखाना १८२० पासून आहे, आणि तेथेही नोकरांच्या ‘पोस्ट’ मंजूर होतातच. बक्षिशीच्या पोस्तीचे आणि बोंडाच्या पोस्ताचे नाते लावण्याच्या भरीस मी पडत नाही. विषय बक्षिशीचा आहे, आणि वाचकांत सरकारी नोकर पुष्कळ आहेत.

तर मग उपाय काय? येथे दुसऱ्या टोकाचे सज्जन पुढे येतात. त्यांचे म्हणणे, प्रत्येक इंग्रजी शब्दास एकच संस्कृत प्रतिशब्द ठरवून टाकावा, आणि तोच सर्वत्र वापरण्याचा हुकूम काढावा. हा मार्गही मला मान्य नाही, आणि त्याचे कारण वर येऊन गेलेच आहे. चार घराण्यांच्या चार शब्दांस एक प्रतिशब्द द्यावयाचा म्हणजे इंग्रजीचा घोटाळा संस्कृतात भाषांतरित करून घेणे होय. त्या वृद्ध गृहस्थांच्या परिपत्रकात घडले ते हेच. शब्द देशी आणि शुद्ध होता. फक्त चुकीचा होता.

या बाबतीत आपला इतिहास पुरेसा बोलका आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला, आणि फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. १६७४ साली ज्या राज्याभिषेकासाठी याच काशीच्या परंपरेतील गागाभट्ट रायगडी गेले, त्या समयी पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. या उद्योगाचे मोल मी कमी लेखीत नाही. पण पुढे घडले काय? शिक्क्यावर पंतप्रधान राहिला आणि लोकांच्या तोंडी १८१८ पर्यंत आणि त्यानंतरही पेशवाच राहिला. सुमंत आज केवळ आडनावात उरला. सचिव मात्र जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी मंत्रालयात येऊन बसला, आणि पंतप्रधान दिल्लीस पोचला. कोशकाराने शब्द घडवावा. तो केव्हा चालेल, कोठे चालेल, हे लोक ठरवितात. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने पदनाम कोश काढला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्यास ‘बदनाम कोश’ म्हणून हिणविले. पण त्या थट्टेस न जुमानता त्यातील कित्येक नावे आज तालुक्याच्या कचेरीत सहज चालतात, हेही विसरता कामा नये. हसणारे नेहमी बरोबर असतात असे नव्हे.

माझ्यापुढे आदर्श आहे तो वेगळ्या माणसाचा, आणि तो माणूस याच शहरातला, मराठी घरातला. बाबूराव विष्णु पराडकर १८८३ साली काशीत जन्मले. बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर हे त्यांचे मामा; म्हणजे परप्रांतातील मराठी माणसाने परभाषेची सेवा करावी ही त्या घराची रीतच. पराडकरांनी हिंदी आपलीशी केली आणि १९२० साली निघालेल्या काशीच्या ‘आज’ दैनिकाचे संपादन दीर्घकाळ केले. १९५५ साली ते निवर्तले. नावापूर्वी ‘श्री’, अनेक नावांपूर्वी ‘सर्वश्री’, ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’ अशा शब्दांच्या हिंदीतील प्रचाराचे श्रेय त्यांस दिले जाते. कोशकार मंडळी वर्षानुवर्षे चर्चा करू शकतात. दैनिकाच्या संपादकास ती सोय नसते. रात्री तार येते, आणि सकाळी चौकातल्या दुकानदारास ती समजावी लागते. ज्याला पहाटेच्या आत अर्थ पोचवावयाचा आहे, त्याला शब्दास शब्द ठेवून भागत नाही. हे म्हणावयाचे काय आहे, हा प्रश्न त्याला प्रथम विचारावा लागतो. ‘मुद्रास्फीति’पेक्षा आपली ‘चलनवाढ’ मला अधिक सोपी वाटते हा भाग निराळा. पराडकर मराठीत लिहिते तर त्यांनीही कदाचित तीच घेतली असती. रीत मात्र त्यांचीच खरी: शब्दाचे नव्हे, वाक्याचे भाषांतर करावे.

आपल्याच केंद्रीय सेवेतले दुसरे उदाहरण श्रीराम भिकाजी वेलणकरांचे. टपाल खात्यातील हे अधिकारी संस्कृतात काव्यनाटके रचीत. गावांच्या सारख्या नावांमुळे आणि निरनिराळ्या लिप्यांमुळे पत्रे भरकटतात, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. एवढा संस्कृतज्ञ माणूस, पण त्याने नवा शब्द न देता सहा आकडे दिले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. जेथे खरोखरच एका चिन्हास एकच अर्थ हवा असतो, तेथे आकडा लागतो. शब्दाकडून आकड्याची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे, मग तो शब्द इंग्रजी असो की संस्कृत.

काही मित्र म्हणतील, बनारसच्या बाजारात टपाल कोणास कळणार? येथे डाक म्हणावे लागते. म्हणावे की! विश्वेश्वरगंजच्या मुख्य डाकघरात जाऊन मी टपालहशील विचारीत नाही. डाक हा शब्द मराठीसही परका नाही. डाकबंगल्यात आपले आजे-पणजेही उतरत होते. बाहेर हिंदी स्वच्छ बोलावी, इंग्रजी टिपण स्वच्छ लिहावे. माझा आग्रह आहे तो घराच्या उंबऱ्याआतील बोलण्यापुरता आणि या मासिकासारख्या पानांपुरता. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूस पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतील म्हाताऱ्या हिंदी मिसळून बोलतात, पण त्यांच्या बोलण्यात खुंटा आहे, चौकी आहे, हुद्दा आहे. आपण पाच वर्षांपूर्वी नागपुराहून आलेली मंडळी, आपल्या मुलांच्या बोलण्यात ‘पोस्ट’ आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या रात्री आमच्या मंडळींनी एकमेकांस अभिनंदनाच्या किती ‘पोस्टी’ पाठविल्या याची गणती नाही. त्यांतील एकीतही ‘मजकूर’ हा शब्द नव्हता.

शेवटी एक विनंती संपादकांस. अंकाच्या मुखपृष्ठाआड वर्गणीच्या दराखाली ‘पोस्टेज वेगळे’ असे छापलेले असते. पुढील अंकापासून तेथे ‘टपालहशील निराळे’ असे छापावे. कोणा वर्गणीदाराने अर्थ विचारणारे पत्र पाठविलेच, तर त्याचे उत्तर मी लिहून देईन, आणि त्याचे टपालहशीलही मीच भरीन.